सेलची बदली

आमच्या घरात सेल मरत नाहीत, त्यांची बदली होते.

मोठ्या सेलची पहिली नेमणूक न्हाणीघरात. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये अजून गॅस गीझर टिकून आहेत, आमच्याकडेही आहे, आणि त्याला दोन मोठे सेल लागतात. नळ सोडला की टकटक, मग भप्प, आणि गरम पाणी. काही महिन्यांनी टकटक होते पण ज्योत धरत नाही. साबण लावून उभा असलेला माणूस आतून ओरडतो, "अगं, सेल गेले!" सेल गेलेले नसतात. मी ते काढते, फडक्याने पुसते आणि ओट्याजवळच्या रेडिओत घालते. रेडिओ पुढे कित्येक आठवडे बातम्या, भावगीतं आणि बाजारभाव ऐकवत राहतो.

पेन्सिल सेलची कारकीर्द वेगळी. ते सासूबाईंच्या रक्तदाबाच्या यंत्रात रुजू होतात. यंत्र मोठं नखरेल. पट्टा फुगवता फुगवता मध्येच थांबतं आणि पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र काढून दाखवतं. तिथून काढलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात गेले की वर्षभर मुकाट काम करतात. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "टाकाऊ सेल घातलेस, म्हणून ते मागे पडतं," असं त्या म्हणतात. घड्याळ मागे पडत नाही. त्या ते आपल्या मनगटावरच्या किल्लीच्या घड्याळाशी ताडून बघतात, आणि ते पुढे धावतं. पण हा वाद घालण्यात अर्थ नाही, हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

सेल संपला की नाही हे ठरवतं कोण? ज्यात तो बसवलाय ते यंत्र. जुन्या दोन सेलच्या टॉर्चमधला बारीक बल्ब 300 मिलिअँपिअर ओढायचा. छोट्या रेडिओला हळू आवाजात काही दहा मिलिअँपिअर पुरतात. आणि भिंतीवरच्या घड्याळाला? त्यात गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, एक स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. ती थरथर मोजत मोजत सर्किट सेकंदाला एकदा गुंडाळीला हलकीशी टिचकी मारतं, काटा सरकतो, आणि मग पुढच्या सेकंदापर्यंत सगळं निवांत. सरासरी काढली तर एक मिलिअँपिअरसुद्धा भरत नाही. रक्तदाबाच्या यंत्रात मात्र हवा भरणारी मोटर असते. ती सुरू झाली की सेलवर एकदम ताण येतो आणि त्याचा व्होल्टेज खाली बसतो. यंत्र तेवढंच बघतं. सेलमध्ये किती माल शिल्लक आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला आत्ता, या क्षणी, भरपूर हवंय.

आणि आपण यंत्राचं ऐकून सेल केराच्या डब्यात टाकतो.

माझं माहेर माण तालुक्यातलं. पाऊस कमी, विहिरीला पाणी बेताचं, आणि मोटरची लाईट हटकून रात्रीची. लाईट आली की अण्णा दारं धरायला निघायचे. एका खांद्यावर खोरं, दुसऱ्या हातात तीन सेलची बॅटरी. बांधावर फुरसं असायचं, विंचू असायचे, त्यामुळे बॅटरीचा उजेड पांढराच हवा, पिवळा पडला की सेल बदलायचे, यात अण्णा तडजोड करत नसत. म्हसवडच्या बाजारातून नवे सेल आले की जुने तिन्ही आईच्या ताब्यात. ते रेडिओत जायचे. रेडिओचा आवाज बारीक झाला, स्टेशनच्या जागी खरखर वाढली, की आई ते काढून धाब्यावर उन्हात मांडायची. कुरडया, सांडगे आणि सेल, एकाच चादरीवर.

उन्हात ठेवलेले सेल पुन्हा थोडे चालायचे. आम्हाला वाटायचं, सेल ऊन पितात. तसं काही नसतं. साध्या जस्त-कार्बनच्या सेलमधून वीज घेत राहिलं की आत झालेले पदार्थ कार्बनच्या कांडीभोवती साचतात आणि वाट अडवतात. सेलला विश्रांती दिली तर ते हळूहळू पसरतात. ऊब मिळाली तर जरा लवकर. म्हणून व्होल्टेज थोडा वर येतो. सेल भरत नाही, आत राहिलेलं बाहेर पडायला वाट मोकळी होते, एवढंच. आजही रिमोट चालेना की माणसं त्यातले सेल अंगठ्याने गोल फिरवतात आणि तो चालतो. त्यात थोडी विश्रांती असते आणि थोडं टोकांवरचं मळकट कवच घासलं जाणं. आमचा एक चुलता पेन्सिल सेल दाताने चावायचा. त्यामागचं शास्त्र मी शोधायला गेले नाही.

उन्हानेही उठेना असा सेल मग आमच्या, म्हणजे पोरांच्या, हातात यायचा. पायरीवर ठेवून दगडाने फोडायचा. वरचं कवच, त्याखाली डांबराचं बूच, मग जस्ताची डबी, तिच्यात गच्च भरलेला काळा मसाला आणि मधोमध कार्बनची कांडी. कांडीच्या डोक्यावर पितळी टोपी. ती टोपी भातुकलीत वाटी व्हायची आणि तिच्यासाठी भांडणं व्हायची. कांडीने शहाबादी फरशीवर रेघा ओढता यायच्या. मसाला शाळेत. महिन्यातून एखाद्या शनिवारी फळा काळा करायचा कार्यक्रम असे. मसाला, कोळशाची पूड आणि कसल्या कसल्या पानांचा रस एकत्र खलून फडक्याने फळ्यावर फासायचा. हात दोन दिवस काळे राहत. पुढे सातवी-आठवीत गुरुजींनी त्याच कांड्या मिठाच्या पाण्यात सोडून, तारा जोडून, बुडबुडे काढून दाखवले. फोडलेल्या सेलचा तेवढाच भाग आमच्या नजरेत विज्ञान होता. बाकीचा खेळ.

तो मसाला म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड, कार्बनची पूड आणि नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून कापसाने जो पांढरा नवसागर फिरवायचा, धुराचा लोट उठायचा, तोच. जॉर्जेस लेक्लांशे या फ्रेंच माणसाने 1866मध्ये हा सेल बनवला तेव्हा ती काचेची बरणी होती, पातळ द्रावणाने भरलेली. वीस वर्षांनी जर्मनीत कार्ल गासनरने ते द्रावण घट्ट लगद्यात बसवलं आणि सेल खिशात घालून फिरण्याजोगा झाला. अण्णांच्या बॅटरीत जे होतं ते मूळ त्याच जातीचं.

आमच्याकडे लाल सेल यायचे, नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर असलेले. एव्हरेडी. ते बनवणारी कंपनी युनियन कार्बाइड इंडिया, आणि 1984च्या डिसेंबरमध्ये भोपाळला ज्या कारखान्यातून वायू सुटला तोही तिचाच, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. 1994मध्ये युनियन कार्बाइडने इथला आपला हिस्सा विकला आणि पुढे कंपनीचं नावही बदललं. रेडिओवर भोपाळची बातमी ज्यांनी ऐकली असेल त्यातल्या कित्येकांच्या रेडिओत तेच सेल असतील.

सेल फोडणं आता कुणी करू नये, मुलांना तर करू देऊच नये. त्या काळी सेलच्या जस्ताला पारा लावत, तो आमच्या नखांत गेला असणार. मँगनीजची काळी धूळ छातीला चांगली नाही. आणि हल्ली दुकानात ज्यांच्यावर अल्कलाइन लिहिलेलं असतं त्या सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, दाहक, कातडी जाळणारं. मला त्या फोडाफोडीचं कौतुक नाही. मला कौतुक आहे ते त्याआधीच्या क्रमाचं. अण्णांची बॅटरी, आईचा रेडिओ, ऊन. प्रत्येक वस्तूला आपल्याहून कमी मागणारं कुणीतरी घरात होतं.

लुगड्याचंही तसंच. अंगावर विरलं की पटकूर, पटकुराची गोधडी, गोधडी फाटली की तिचा तुकडा चुलीजवळ भांडी उतरवायला, आणि शेवटी पोतेरं. पुण्यात आल्यावर बोहारीण पाहिली. तीन साड्या आणि एक पँट घेऊन स्टीलचा एक डबा देताना ती जो भाव करायची तो एखाद्या व्यापाऱ्याला शिकवावा. डबा-बाटलीवाला, रद्दीवाला, हे सगळे म्हणजे बदल्यांचं खातं होतं. आता बोहारीण सोसायटीच्या गेटातून आत येऊ शकत नाही. रद्दीवाला येतो, पण रद्दीच उरलेली नाही. घरात खालच्या पायऱ्या राहिल्या नाहीत, म्हणून वस्तू वरच्या पायरीवरून थेट डब्यात पडते. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून ठेवणारी माझी पिढी बहुधा शेवटची. त्यातही पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकणारे आहेतच. तो चिमूटभर तुकडा कुठल्याच भंगारात वेचला जात नाही. कोपरा चिरावा, तोडू नये. एवढं सांगून मी पुन्हा सेलकडे येते.

बदल्या नीट करायच्या तर मोजमाप हवं. तपकीर गल्लीतून एक साधं मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, आणलं. बुधवार पेठेतली ही गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांनी जरूर जावं. तिथे अजून एक रुपयाची वस्तू एक नग मागितली तर दुकानदार तोंड वाकडं न करता देतो. बऱ्याचदा. मीटरने नुसतं मोजलं तर सेल लबाडी करतो. काम न करणारा सेल 1.4 व्होल्ट दाखवतो आणि कामाला लावला की बसतो. म्हणून दोन टोकांना दहा ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा तुकडा, धरून, सेलला थोडं ओझं देऊन, मग आकडा वाचायचा. 1.3च्या वर राहिला तर तो रिमोटला किंवा लेकाच्या जुन्या माऊसला. त्याखाली, पण 1.1च्या वर, तर घड्याळाला. आणखी खालचे बाजूला ठेवायचे. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. एका यंत्रातून जोडीने निघालेले सेल पुढेही जोडीनेच वापरायचे. नव्याच्या शेजारी जुना बसवला की नवा जोर लावत राहतो, जुना आधी रिकामा होतो आणि मग त्यातून उलटी वीज ढकलली जाते. असा सेल बहुधा पाझरतो. अल्कलाइन सेल पाझरला की टोकाशी पांढरं, खडीसाखरेसारखं काहीतरी जमतं. ते बोटाने खरवडू नये. कान साफ करायच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसलं की फसफसून निघतं, मग कोरडं करायचं. करोनाच्या काळात घरोघरी जे ऑक्सिमीटर आले त्यातले निम्मेअर्धे आज याच पांढऱ्या थराखाली असतील, कारण लाट ओसरल्यावर सेल काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. जुना सेल घड्याळात घातला तर अधूनमधून घड्याळ उतरवून मागे बघायचं. ज्यांना एवढी उठाठेव नको त्यांनी घड्याळाला नवा सेल घालावा, काही बिघडत नाही. आणि चार्ज न होणारे सेल चार्जरला लावायचा उद्योग मुळीच करू नये. ते फुटतात.

आता त्या खालच्या पायरीवरच्यांविषयी. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण तीन व्होल्ट लागतात. दीड व्होल्टच्या नव्या कोऱ्या सेललाही ती एकट्याने पेटवता येत नाही, मग 0.9 व्होल्टच्या थकलेल्याची काय कथा. पण एक छोटं सर्किट आहे, त्याला ज्यूल थीफ म्हणतात, ज्यूलचोर. ज्यूल हे ऊर्जेचं माप. फेराइटचं, म्हणजे चुंबकाला दाद देणाऱ्या काळ्या मसाल्याचं, एक कडं, त्यावर दोन तारांचे वेढे, एक बीसी 547 ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर, एक एलईडी. संपलं सामान. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. चालू असताना गुंडाळीत वीज वाहते, आणि ती अचानक तोडली की गुंडाळी ते सहन करत नाही, एका झटक्यात मोठा व्होल्टेज उसळवते. नळ जोरात सोडून एकदम बंद केला की पाइप जसा दणका देतो, तसं. त्या दणक्याने एलईडी पेटते. झटके इतके वेगाने येतात की डोळ्याला उजेड अखंड दिसतो.

फेराइटचं कडं विकत आणायचीही गरज नाही. जळलेल्या सीएफएल दिव्याच्या बुडाशी जे प्लास्टिकचं घर असतं त्यात एक छोटं कडं असतंच. फक्त काचेची नळी फोडायची नाही, तिच्यात पारा असतो. ट्रान्झिस्टर नि रेझिस्टर मिळून पाच-दहा रुपयांचं काम. मी बनवलेला दिवा एका जुन्या पावडरच्या डब्यात आहे आणि जिन्याच्या वळणावर टांगलाय. गीझर आणि रेडिओ अशा दोन नोकऱ्या करून आलेला मोठा सेल त्यात रात्रीमागून रात्री जळतो. उजेड वाचण्याइतका नाही, पायरी दिसण्याइतका आहे. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वर चढताना त्याला हात लावून बघतात की हा अजून कसा चालतोय. 0.6 व्होल्टच्या आसपास तो मिणमिणतो आणि विझतो. तिथे सेलची सेवा खऱ्या अर्थाने संपली.

सगळ्यांनी हे करावं असं माझं म्हणणं नाही. मला सोल्डरिंगची हौस आहे, एखाद्याला नसते. पण काही गोष्टी अशा आहेत की त्यांना हौस लागत नाही, दोन स्क्रू काढावे लागतात. डास मारायची रॅकेट घ्या. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लोक नवी आणतात आणि जुनी टाकतात. जुनीची जाळी ठीक असते, सर्किट ठीक असतं. आतली चार व्होल्टची छोटी शिसे-आम्लाची बॅटरी गेलेली असते. ती जाते कारण डास कमी झाले की रॅकेट रिकाम्या बॅटरीसकट कपाटामागे पडते, आणि शिशाच्या पट्ट्यांवर कायमचा पांढरा थर धरतो. नाहीतर उलट, रात्रभर प्लगला लावून ठेवतात. स्वस्त रॅकेटला चार्जिंग आपोआप थांबवायची सोय नसते. चार्जिंगच्या स्वस्त टॉर्चचीही हीच कहाणी. नवी बॅटरी तपकीर गल्लीत मिळते, दोन तारा जोडल्या की झालं. पण दुकानात "रॅकेट दुरुस्त करून द्या" म्हटलं की समोरचा माणूस आपल्याकडे असा बघतो की आपणच ओशाळावं.

आणि काही वस्तू अशा आहेत की त्यांची बदली कशी करायची हा प्रश्नच नाही, त्यांची भरतीच बंद करायला हवी. गेल्या काही दिवाळ्यांपासून बाजारात सेलच्या पणत्या आल्यात. प्लास्टिकची पणती, प्लास्टिकची ज्योत, खाली बटन सेल. बारा-बारांच्या पाकिटात. लक्ष्मीपूजनाला लावतात, भाऊबीजेपर्यंत त्यातल्या निम्म्या मंद होतात, तुळशीच्या लग्नाला सगळ्या कचऱ्यात. कुंभाराची पणती फुटली तर मातीच होते. हिचं काय होतं? वाजणारी शुभेच्छापत्रं, चालताना चमकणारे लहान मुलांचे बूट, फुगा ज्याला बांधलेला असतो तो लुकलुकणारा दिवा, सगळ्यांच्या पोटात तोच चपटा सेल. मी कंजूष आहे म्हणून बोलत नाही. लहान मूल असलेल्या घरात हे सेल भयानक असतात. विशेषतः 2032 नावाचा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा लिथियमचा. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या कातडीतून वीज वाहायला लागते, तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून भाजतं. सेल फुटायची गरज नसते. घड्याळाला किंवा वजनकाट्याला चालत नाही असा संपलेला सेलसुद्धा एवढं करू शकतो. शंका आली तर वाट बघायची नाही, उलटी काढायला बोटं घालायची नाहीत, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. काढलेल्या बटन सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, झाकणाच्या डबीत, उंच फळीवर. आमच्याकडे नातवंडं नाहीत अजून, पण शेजारची येतात.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई 'स्वच्छ'च्या आहेत. कचरा वेचणाऱ्या बायकांची ही स्वतःची सहकारी संस्था. 1993मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे 2008मध्ये महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करायचा करार झाला. घरातल्या कुठल्या वस्तूला बाजारात काय किंमत आहे हे ताईंइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मी त्यांना विचारलं, सेलचं काय करता?

"काय करणार काकू? त्याला भाव नाही. कुणी घेत नाही."

तांब्याच्या तारेला भाव आहे, पुठ्ठ्याला आहे, दुधाच्या पिशवीला थोडा आहे. सेलला नाही. ओल्या कचऱ्यात सापडला तर त्या काढून बाजूला टाकतात, कारण तो पाझरलेला असला की हाताला झोंबतं. बाजूला म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही, कारण दुसरी जागा नाही हे दोघींनाही माहीत होतं.

याउलट इन्व्हर्टरची बॅटरी बघा. ती रस्त्यावर टाकलेली कुणी पाहिलीय? नवी घेताना जुनी परत दिली की दुकानदार पैसे कमी करतो, आणि नाही दिली तरी भंगारवाला दार वाजवत येतो. तिच्यात शिसं आहे आणि शिशाला वजनावर पैसे मिळतात. ती परत जाते ती कुणाला पर्यावरणाची काळजी आहे म्हणून नाही. परत गेल्यावर तिचं सगळं चांगलंच होतं असंही नाही. कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये उघड्या भट्टीवर शिसं वितळवलं जातं आणि आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात उतरतं. पण निदान तिची वाट ठरलेली आहे. छोट्या सेलला वाटच नाही. तो ओल्या कचऱ्याबरोबर गेला तर खतात त्याचं जस्त आणि मँगनीज उतरणार, डेपोवर गेला तर पावसाबरोबर झिरपणार. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली, विहिरींचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी केल्या. त्यांच्या विहिरीत जे उतरलं ते आमच्याच डब्यांतून गेलेलं होतं.

कायद्यात हे सगळं आहे. 2016च्या घनकचरा नियमांत वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात मोडत होते, रंगाचे डबे, ट्यूबलाइट आणि मुदत संपलेल्या औषधांच्या रांगेत. अशा कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असंही त्या नियमांत होतं. बॅटऱ्यांचे जे नियम 2001 साली आले ते फक्त शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट 2022मध्ये नवे आले, त्यांत रिमोटच्या सेलपासून विजेच्या गाडीपर्यंत सगळ्या बॅटऱ्या धरल्या आणि त्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर टाकली. सेलवर किंवा पाकिटावर फुली मारलेल्या चाकांच्या कचरापेटीचं चित्र असतं, ते यासाठी. ज्या किराणा दुकानातून मी सेल आणते तिथल्या माणसाला मी ते चित्र दाखवलं. त्याने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे कचरापेटीत टाकायचं नाही. बरोबर आहे. मग तुम्ही कुठे टाकता?" प्रश्न योग्य होता.

मी बरणीत टाकते. लोणच्याची जुनी प्लास्टिकची बरणी, कोरडी, टोकांना चिकटपट्ट्या लावलेले सेल. वर्षातून एक-दोनदा ई-कचरा गोळा करणारी गाडी आमच्या भागात येते तेव्हा ती बरणी रिकामी होते. बदल्यांमुळे एक झालं, बरणी फार हळू भरते.

लिथियमच्या बाबतीत मात्र मी हौस आवरते. लॅपटॉपची बॅटरी बंद पडते तेव्हा आतल्या सहा नळकांड्यांपैकी एखादी जोडीच बहुधा गेलेली असते, बाकीच्या धडधाकट असतात. 18650 म्हणतात त्यांना; 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी. तपकीर गल्लीत एक जण त्या सोडवून, एकेक तपासून, टॉर्चला आणि पॉवर बँकेला लावतो. त्याच्याकडे वाळूची बादली आहे, योग्य चार्जर आहे, आणि अडीच व्होल्टच्या खाली गेलेली नळकांडी तो चार्जरला लावतच नाही. मी त्याच्या स्टुलावर बसून बघते आणि घरी येते. कारण ही चूक माफ करणारी जात नाही. आत चिमूटभर जागी तारा टेकल्या तरी पेट घेते, आणि ती आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही. घरातल्या एका जुन्या फोनची बॅटरी फुगली, पाठीमागचं झाकण उचललं गेलं. ती दाबायची नसते, टोचायची तर नसतेच. मी फोन बंद करून बाल्कनीत वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवला आणि सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅम, डस्टबिनमध्ये टाकून द्या." दुसऱ्या एकाने मात्र ती घेतली आणि पावतीही दिली.

लेक श्टुटगार्टला असतो. त्याला या सगळ्याची गंमत वाटते. तिकडे जो दुकानदार सेल विकतो त्याला वापरलेले सेल परत घ्यावेच लागतात, तसा कायदाच आहे. किराणा मालाच्या दुकानात दाराशी पुठ्ठ्याचा खोका असतो, येता-जाता त्यात टाकायचे. गाडीची बॅटरी घेताना जुनी नेली नाही तर साडेसात युरो अनामत भरावी लागते, जुनी आणून दिली की परत. आमच्या इन्व्हर्टरवाल्याचीच युक्ती, फक्त कागदावर आणलेली. "आई, इथे तुझी बरणी लागत नाही," असं तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला आणि बोलता बोलता कीबोर्डमधले दोन सेल काढून त्याने जॅकेटच्या खिशात टाकले, दुकानातल्या खोक्यासाठी.

"मीटर लावून बघितलंस का?" मी विचारलं.

"आई, माझ्याकडे मीटर नाहीये."

"भिंतीवर घड्याळ आहे ना?"

घड्याळ होतं. बंद होतं. भाड्याच्या घराबरोबर आलेलं, आल्यापासून बंदच होतं म्हणे. मी त्याला तो खुर्चीवर चढून घड्याळ उतरवीपर्यंत फोन ठेवू दिला नाही. कीबोर्डचे सेल लहान निघाले, त्यात बसेनात. मग बाथरूममधल्या दात घासायच्या विजेच्या ब्रशचा सेल आठवला, तो आदल्याच आठवड्यात काढून ड्रॉवरमध्ये पडला होता. तो बसला आणि काटा हलला. पुढच्या महिन्यात त्याचा मित्र पुण्याहून तिकडे जाणार आहे, त्याच्याबरोबर चिवड्यासोबत एक मीटर धाडायचंय. त्यात नऊ व्होल्टचा चौकोनी सेल असतो, तो विमानात कुठल्या बॅगेत चालतो ते आधी विचारून घेते.